जुनं टार्गेट रिव्हॉल्व्हर: ओळख, वय आणि मोल

जुन्या हत्याराबरोबर एक गोष्ट हमखास चालत येते. हे अमुक स्पर्धेत चाललं होतं, तमुक साहेबांना निवृत्तीच्या वेळी मिळालं होतं, कारखान्यातून अशी पाचच निघाली होती. गोष्ट ऐकावी, पण मोल ठरवताना तिला शेवटच्या रांगेत बसवावं. आधी पोलाद वाचायचं, मग त्यावरचे आकडे, मग कागद आणि उरलाच वेळ तर गोष्ट. मी नवखा असताना हा क्रम नेमका उलटा लावला आणि त्याची फी भरली. ते पुढे येईलच.

हा लेख पहिल्यांदाच टार्गेट रिव्हॉल्व्हर, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनवलेलं रिव्हॉल्व्हर, हातात घेणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं बहुतेक स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट या दोन अमेरिकन कारखान्यांची आहेत, कारण टार्गेट रिव्हॉल्व्हर म्हणून जे जगभर फिरलं त्यातला मोठा वाटा यांचाच.

हात लावण्याआधी

परवाना आणि कायदा आधी. मालक समोर नसताना दुसऱ्याचं शस्त्र 'जरा बघायला' घरी आणणं बऱ्याच देशांत गुन्हा ठरतो. वयाचा प्रश्नही इथे नुसत्या हौसेचा राहत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार 'अँटिक' धरतात आणि १८९९ पासून पुढचं साधी बंदूकच. म्हणजे एका वर्षाच्या फरकानं कागदपत्रं बदलतात. तुमच्याकडे रेषा कुठे आखली आहे ते आधी विचारून घ्या.

मग ते रिकामं आहे का ते बघा. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, सिलिंडर बाहेर काढून एकेक चेंबर (काडतूस बसायचं भोक) डोळ्यांनी बघायचं आणि बोटाच्या टोकानं चाचपायचं. .२२ चं (हे कॅलिबर, म्हणजे इंचातलं माप) काडतूस इतकं बारीक असतं की मळलेल्या सिलिंडरमध्ये त्याची कड नुसत्या नजरेला चुकते. 'रिकामंच आहे हो' हे वाक्य ऐकलं की मी दुसऱ्यांदा तपासतो.

आणि मुख्य म्हणजे काहीही पुसू नका. मऊ कापडानं धूळ झटकली तर चालेल. पॉलिश, पितांबरी, सँडपेपर, लोखंडी ब्रश यांतलं काहीही जवळ आणू नका. माझी फी इथेच गेली. पहिलंच जुनं रिव्हॉल्व्हर, त्यावर तपकिरी छटा चढलेली. मी ती 'घाण' समजून एका रविवारी चकचकीत घासून काढली. संध्याकाळपर्यंत हत्यार आरशासारखं झालं आणि त्याची किंमत निम्म्याच्याही खाली आली. मूळ ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा काळा-निळा थर, एकदा गेलं की परत येत नाही. नवीन चढवता येतं, पण ते नवीनच असतं.

पहिली पायरी: हे टार्गेट रिव्हॉल्व्हर आहे तरी का?

लांब नळी दिसली की लोक 'टार्गेट' म्हणून मोकळे होतात. नळी हा सगळ्यात कच्चा पुरावा. सहा इंची नळीची साधी पोलिसी रिव्हॉल्व्हरंही भरपूर निघाली. मोजायचं झालंच तर नळीच्या तोंडापासून सिलिंडरच्या पुढच्या कडेपर्यंत मोजा, सिलिंडर त्यात धरायचा नाही.

खरी खूण मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या मागच्या खाचेत असते. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये फ्रेमच्या (हत्याराच्या सांगाड्याच्या) माथ्यावर नुसती खाच कोरलेली असते. टार्गेटमध्ये तिथे स्क्रूनं सरकणारी, वेगळी बसवलेली साइट असते आणि ती बसावी म्हणून फ्रेमचा माथा सपाट ठेवलेला असतो. पुढची साइट बहुधा चौकोनी पात्याची. तिला पॅट्रिज साइट म्हणतात, ई. ई. पॅट्रिज या अमेरिकन नेमबाजाच्या नावावरून. मागून बघितलं की काळा चौकोन आणि दोन बाजूंना प्रकाशाच्या दोन समान फटी. याखेरीज चाप आणि मुठीच्या पट्ट्यांवर घसरू नये म्हणून कोरलेल्या रेघा आणि हात भरेल एवढी मोठी लाकडी मूठ. या सगळ्या एकत्र असतीलच असं नाही. पण सरकणारी मागची साइट नसेल तर मी टार्गेट म्हणत नाही.

नावावरही जाऊ नका. कोल्टचं बिस्ली मॉडेल १८९४ चं, नाव इंग्लंडमधल्या प्रसिद्ध बिस्ली रेंजवरून घेतलेलं. तरीही बहुतेक बिस्लींवर साधी, न हलणारी साइटच आहे. खरं टार्गेट म्हणजे सपाट माथ्याचं बिस्ली, आणि ते फार कमी.

दुसरी पायरी: बनवणारा कोण?

इथे नवख्यांचा पाय हमखास घसरतो. नळीवर '.३८ एस. अँड डब्ल्यू. स्पेशल' असं कोरलेलं असतं आणि रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं ठरवून टाकतात. अहो, ते काडतुसाचं नाव आहे. स्पेनच्या एइबार गावातल्या कारखान्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा हुबेहूब नकला ढिगांनी बनवल्या आणि काडतुसाचं नाव मुद्दाम ठसठशीत कोरलं. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि बोधचिन्ह वेगळं शोधायचं.

अक्षरं पुसली गेली असतील तर यंत्रणेला विचारा. सिलिंडर उघडायची कळ पुढे ढकलावी लागते का? मग स्मिथ अँड वेसनची घडण. मागे ओढावी लागते? कोल्ट. घोडा (चाप ओढल्यावर आपटणारी हातोडी) मागे ओढताना मागून बघा: स्मिथ अँड वेसनचा सिलिंडर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो, कोल्टचा घड्याळाच्या दिशेनं. नळीत प्रकाश टाकून आतल्या आट्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) बघितल्या तर कोल्टच्या डावीकडे वळतात, स्मिथ अँड वेसनच्या उजवीकडे. या तीन खुणा पॉलिश करून कोणाला लपवता येत नाहीत. नकलांमध्ये कधीकधी एकाची कळ आणि दुसऱ्याचे आतले भाग अशी खिचडी सापडते. तसं दिसलं तर सावध व्हा.

ब्रिटिश वेब्ली ओळखायला सोपं, ते बिजागरीवर मोडून उघडतं. त्याच्या नळीवर आणि सिलिंडरवर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे मुकुटवाले छोटे शिक्के असतात. एखाद्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरवर 'नॉट इंग्लिश मेक' असा इंग्रजी छाप दिसला तर दचकू नका. परदेशी माल ब्रिटनमध्ये चाचणीला आला की १९२५ ते १९५५ या काळात तो मारत. म्हणजे ते हत्यार त्या काळात ब्रिटनमधून गेलं, एवढं फुकटात कळलं. जर्मन शिक्क्यांबरोबर दोन अक्षरांत वर्ष लपवलेलं असतं: ए म्हणजे ०, बी म्हणजे १ असं धरत गेलं की 'एच ए' चे ७० होतात, म्हणजे १९७०. फक्त हे चाचणीचं वर्ष आहे. आयात केलेलं जुनं रिव्हॉल्व्हर बनल्यानंतर वीस वर्षांनीही चाचणीला जाऊ शकतं.

तिसरी पायरी: नंबर, पण योग्य जागेवरचा

स्मिथ अँड वेसनचा सिलिंडर उघडला की क्रेनच्या (सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो त्या हाताच्या) खाचेत काही आकडे दिसतात. ठळक आणि वाचायला सोपे. नवखा माणूस ते लिहून घेतो, कोणता नंबर कोणत्या वर्षाचा याचा तक्ता उघडतो आणि वर्ष जुळत नाही म्हणून डोकं खाजवत बसतो. मीही बसलो होतो. ते आकडे जुळणी करणाऱ्या कारागिरांच्या सोयीचे असतात, हत्याराचा नंबर नव्हे. खरा नंबर मुठीच्या तळाशी. तिथे मोठी टार्गेट मूठ चढवलेली असेल तर ती काढल्याशिवाय दिसतही नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरवर तोच नंबर सिलिंडरच्या मागच्या बाजूला आणि नळीच्या खालच्या सपाट भागावर पुन्हा मारलेला सापडतो. उजव्या मुठीच्या लाकडावर आतून पेन्सिलनं किंवा शिक्क्यानं लिहिलेलाही सापडतो. हे सगळे जुळले तर सोनं.

गंमत म्हणजे कोल्टच्या बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नेमकं उलटं: सिलिंडर बाहेर काढला की क्रेनमागे फ्रेमवर जो नंबर दिसतो तोच खरा.

आता स्मिथ अँड वेसनची .२२ ची के-२२ मालिका घेऊ, कारण वय काढायची सगळी युक्ती तिच्यावर नीट शिकता येते. पहिलं के-२२, ज्याला आउटडोअर्समन म्हणतात, १९३० च्या सुमारास आलं. त्याच्या नंबराआधी अक्षर नाही, सहा आकडी नुसता नंबर. १९४० मध्ये मास्टरपीस आलं, मागे टिकटिक आवाज करत सरकणारी मायक्रोमीटर साइट आणि घोड्याचा छोटा पल्ला. ही दुसरी आवृत्ती फक्त १,०६७ निघाली आणि कारखाना युद्धाच्या कामाला लागला. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये के-१०१ पासून नवी मोजणी सुरू झाली. १९४८ संपताना ती ७३ हजारांवर पोचली होती. १९५७ मध्ये कारखान्यानं नावांऐवजी मॉडेल नंबर आणले: के-२२ चं झालं मॉडेल १७, त्याच्या .३८ आणि .३२ मधल्या भावंडांपैकी के-३८ चं मॉडेल १४, के-३२ चं मॉडेल १६. हे क्रेनच्या खाचेत कोरलेलं असतं. त्यामुळे खाचेत 'मॉडेल' काही नसेल आणि बाकी सगळं मॉडेल १७ सारखं असेल तर ते १९५७ आधीचं. संग्राहक अशाला 'प्री-१७' म्हणतात.

नंबरावरून निघतं ते साधारण वर्ष. या कारखान्यातून माल नंबराच्या क्रमानं बाहेर पडत नसे. फ्रेमवर नंबर पडून ते कपाटात पडून राहायचं आणि मागून आलेलं आधी निघून जायचं. नक्की तारीख हवी असेल तर कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून मिळणारं पत्र मागवायचं. पैसे भरून ते मिळतं, कोल्टच्याही अभिलेखातून मिळतं. त्यात कोणत्या दिवशी, कोणत्या विक्रेत्याकडे, कोणत्या नळीसह आणि कोणत्या फिनिशमध्ये माल गेला ते असतं. कोणी चालवलं ते नसतं. आजोबांच्या गोष्टीला त्या पत्रानं आधार मिळेल असं समजू नका, बहुतेक वेळा ते एखाद्या घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगून गप्प बसतं.

चौथी पायरी: स्क्रू मोजा

हा माझा आवडता भाग. कारण इथे पोलाद स्वतः बोलतं आणि नंबराची उलटतपासणी होते.

युद्धानंतरच्या सुरुवातीच्या स्मिथ अँड वेसनमध्ये पाच स्क्रू असतात: चार उजवीकडच्या साइडप्लेटला, म्हणजे यंत्रणेवरच्या झाकणाला (त्यातला एक मुठीखाली लपलेला) आणि एक चापाच्या कड्यासमोर. १९५५ च्या सुमारास साइडप्लेटचा वरचा स्क्रू गेला, राहिले चार. १९६१ च्या आसपास कड्यासमोरचा गेला, राहिले तीन. म्हणून 'फाइव्ह स्क्रू' हा शब्द संग्राहकांच्या तोंडी सारखा येतो आणि त्याला किंमतही आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी दोन गोष्टी गेल्या: नळी फ्रेममध्ये पक्की करणारी आडवी पिन आणि मॅग्नम (जास्त जोराच्या) काडतुसांच्या सिलिंडरमधली, काडतुसाची कड आत बसावी म्हणून खोल केलेली खाच. .२२ ला मात्र ती खाच राहिली, त्यामुळे के-२२ मध्ये फक्त पिन बघायची.

मुठीही बोलतात. स्क्रूभोवती लाकडात कोरलेला हिऱ्याचा आकार असेल तर साधारण १९६८ च्या आधीची मूठ. नळीच्या उजव्या बाजूजवळ फ्रेमवर पत्ता एका ओळीत 'मेड इन यू. एस. ए.' एवढाच असेल तर तो साधारण १९४८ पर्यंतचा, चार ओळींत कारखान्याचं नाव आणि स्प्रिंगफील्ड असेल तर नंतरचा. नळीच्या माथ्यावरची पट्टी अरुंद की रुंद हेही बघा. के-२२, के-३२ आणि के-३८ ही तिन्ही भरल्यावर ३८.५ औंसांचीच वाटावीत असा कारखान्याचा खटाटोप होता. एकाच नेमबाजाला स्पर्धेत वेगवेगळ्या कॅलिबरची रिव्हॉल्व्हरं चालवावी लागत आणि हात बदलल्यासारखं वाटू नये हा हेतू. बारीक छिद्राच्या नळीत पोलाद जास्त उरतं, म्हणून पट्टीची रुंदी कमीजास्त करून वजन जुळवलं.

कोल्टच्या बाजूला ऑफिसर्स मॉडेल, १९०४ पासूनचं. युद्धापूर्वीच्या ऑफिसर्स मॉडेलची साइट दोन तुकड्यांत काम करते: वर-खाली पुढची सरकते, डावी-उजवी मागची. हे इतकं स्पष्ट लक्षण आहे की नंबर न वाचता काळ सांगता येतो. १९४९ मध्ये ऑफिसर्स मॉडेल स्पेशल आलं आणि दोन्ही कामं मागच्या साइटकडे गेली. १९५३ पासून ऑफिसर्स मॉडेल मॅच, ते साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत चाललं. तोवर स्पर्धेत स्वयंचलित पिस्तुलं पुढे गेली होती.

स्क्रू, पत्ता, साइट आणि मूठ यांनी सांगितलेलं वर्ष नंबराच्या वर्षाशी जुळलं तर पुढे जा. जुळत नसेल तर कोणीतरी काहीतरी बदललं आहे. काय, ते शोधल्याशिवाय किंमतीचं बोलू नका.

पाचवी पायरी: मूळ फिनिश की पुन्हा चढवलेलं?

किंमतीचा अर्धा निकाल इथे लागतो. खिडकीजवळ बसा. दिव्यापेक्षा दिवसाचा तिरपा प्रकाश बरा.

मूळ ब्लूइंगखाली कडा धारदार असतात. पॉलिशच्या चाकावर पुन्हा घासलं की कडा गोलावतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खोलगट खड्डे दिसतात, अक्षरांचे काठ वितळल्यासारखे होतात. सपाट भागावर खिडकीचं प्रतिबिंब बघा, सरळ रेघ वाकली तर तो भाग हातानं घासलेला आहे. स्मिथ अँड वेसनचे घोडा आणि चाप मूळचे निळे-तपकिरी ढगाळ रंगांचे असतात, भट्टीत कठीण करताना तो रंग चढतो. ते दोन्ही एकसारखे काळे-निळे दिसले तर सगळं रिव्हॉल्व्हरच ब्लूइंगच्या टबमध्ये बुडवलेलं असणार. इजेक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीवरही हीच खूण शोधा.

कारखान्यानं स्वतः काम केलं असेल तर मात्र तो बहुधा खूण सोडतो. स्मिथ अँड वेसनच्या नंबरापाशी छोटी चांदणी म्हणजे माल दुरुस्तीला परत गेला होता. मुठीखालच्या फ्रेमवर महिना आणि वर्षाचा बारीक शिक्का असेल तर ते काम कधी झालं तेही कळतं. कारखान्याचं पुनर्फिनिश बाहेरच्यापेक्षा बरं, पण मूळच्या खालीच.

टार्गेट रिव्हॉल्व्हरचा एक वेगळा गुंता आहे. चांगले नेमबाज आपलं हत्यार बदलून घ्यायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या किंग गन साइट कंपनीनं त्या काळात नळीवर जाळीदार पट्ट्या आणि आरसा लावलेल्या साइट बसवून दिल्या. साध्या संग्राहकाला हे 'बिघडवलेलं' वाटतं. पण त्याच काळात, त्याच दर्जाच्या कारागिरानं केलेलं हे काम आज स्वतंत्रपणे गोळा केलं जातं. काल गल्लीत बसवलेली साइट आणि १९३८ मधली किंगची साइट यांना एकाच मापानं मोजू नका.

सहावी पायरी: चालतं का?

रिकाम्या हत्यारावर, स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घालून. .२२ रिमफायरमध्ये (ज्याच्या काडतुसाच्या कडेवर पिन आपटते) रिकामा घोडा सोडायचा नाही, कारण पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. आधीच्या मालकानं तसं केलंय का ते बघायला सिलिंडरचा मागचा चेहरा भिंगाखाली धरा. कडेवर बारीक टोचण्या दिसल्या तर त्या चेंबरमध्ये काडतूस अडकणार.

घोडा अंगठ्यानं अगदी हळू मागे ओढा. घोडा अडकतो त्याआधी सिलिंडर 'टक्' करून कुलूपबंद व्हायला हवा. सहाही चेंबरांवर करा, एखादाच उशिरा बसतो. घोडा पूर्ण मागे ओढलेला असताना अंगठ्यानं पुढे ढकलून बघा, सुटला तर खाच झिजली किंवा कोणीतरी चाप हलका करायच्या नादात घासली. मग चाप धरून सिलिंडर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवा. थोडं ढिलेपण चालतं, खडखडाट चालत नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट साधारण ०.१० ते ०.१५ मिलिमीटर असावी.

नळीच्या तोंडातून पांढऱ्या कागदावर प्रकाश घेऊन बघा. आत एक काळं वलय दिसलं आणि बाहेरून बोट फिरवताना तिथेच फुगवटा लागला तर नळीत गोळी अडकलेली असताना कोणीतरी दुसरी सोडली आहे. अशी नळी टार्गेटसाठी संपली. सिलिंडरवर फिरल्याची बारीक रेघ मात्र स्वाभाविक आहे, तिला दोष मानू नका.

साइडप्लेट उघडायची हौस आवरा. ती पेचकसानं उचकटल्याची खूण कायम राहते आणि अनुभवी माणूस पहिल्या नजरेत ती बघतो. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर आतही कोणीतरी 'हात साफ' केला आहे असं धरून चाला.

काडतुसाबद्दल एकच सांगतो, पण महत्त्वाचं. .३८ एस. अँड डब्ल्यू. आणि .३८ स्पेशल ही एक नव्हेत. पहिलं आखूड आणि जाड. आणि .४५५ च्या कित्येक वेब्लींच्या सिलिंडरची मागची बाजू घासून त्यात .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस बसवलं गेलं आहे. ते बसतं म्हणून झेपतं असं नाही, त्या काडतुसाचा दाब जुन्या वेब्लीसाठी फार जास्त आहे. रिव्हॉल्व्हर जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय चालवू नका.

सातवी पायरी: मोल

इथे लोक विचारतात, 'आकडा सांगा.' आकडा सांगायचा तो तीन प्रश्नांनंतर: नेमकं कोणतं, किती मूळ, आणि कोणाला हवंय.

विकायला ठेवलेल्या जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. लिलावात हातोडा पडला तो आकडा बघा आणि त्यावर खरेदीदारानं भरलेलं लिलावगृहाचं कमिशन धरा. त्याच मॉडेलचे, त्याच काळाचे, तशाच अवस्थेतले निदान तीन व्यवहार सापडले की तुमच्या हातात भावाचा पट्टा आला. दुसऱ्या देशातला भाव उचलून आणू नका, परवान्याचे नियम बदलले की गिऱ्हाईकांची संख्याच बदलते. विम्यासाठीची किंमत, दुकानदार देईल ती किंमत आणि एका हौशी माणसाकडून दुसऱ्याला मिळणारी किंमत या तीन वेगळ्या असतात. कोणती हवी ते आधी ठरवा.

दुर्मीळता म्हणजे मोल नव्हे, तरी या क्षेत्रात ती बरीच चालते. दुसऱ्या आवृत्तीचं के-२२, युद्धापूर्वीचं के-३२, सपाट माथ्याचं कोल्ट यांच्यासाठी लोक थांबून राहतात. साध्या मॉडेल १७ मध्ये अवस्था सगळं ठरवते. शिल्लक ब्लूइंगची टक्केवारी लोक बोलतात. मी ती नळीचं तोंड, सिलिंडरच्या कडा आणि मुठीमागची पट्टी या तीन जागा बघून ठरवतो. सपाट भाग सगळ्यांचेच बरे असतात. मूळ खोका, त्याच्या तळावर त्याच रिव्हॉल्व्हरचा नंबर, सोबत साइटचा छोटा पेचकस, माहितीपत्रक हे असेल तर भाव वर जातो. नंबर न जुळणारा खोका म्हणजे नुसता पुठ्ठा.

मध्यंतरी एकानं माझ्यापुढे एक के-२२ ठेवलं. नंबर के-२४ हजारांतला, म्हणजे १९४८. पाच स्क्रू, पत्ता एका ओळीत, अरुंद पट्टी, सगळं एकमेकांशी जुळणारं. नळीखालचा नंबर तोच, सिलिंडरवरचा तोच. घोड्यावर ढगाळ रंग शाबूत. सहाही चेंबर वेळेवर बसत होते. फक्त मूठ भलतीच, सत्तरच्या दशकातली मोठी, चकचकीत वार्निश मारलेली. तिच्यामुळे भाव बराच खाली यायचा होता. मी विचारलं, हिच्या आधीची मूठ कुठे गेली? मालक म्हणाले, वडिलांनी बदलली असणार, ते काही टाकून देणारे नव्हते. दोन आठवड्यांनी त्यांचा फोटो आला. शिवणयंत्राच्या खणात सापडलेली अक्रोडाची दोन फाळकी, स्क्रूभोवती हिरा, उजव्या फाळक्याच्या आत काळवंडलेल्या लाकडावर पाच आकडे. मी माझ्या वहीतला नंबर काढून एकेक आकडा ताडून बघितला. पाचही तेच.